भिलाईच्या अंगणातील अडेनियम : बहराचे वेळापत्रक

फुगीर बुंधा, त्यावर मोजक्या फांद्या आणि फांद्यांच्या शेंड्यांवर कर्ण्याच्या आकाराची गुलाबी-लाल फुले, असे अडेनियमचे रोप आज मध्य भारतातील लहानमोठ्या रोपवाटिकांत सहज मिळते. वाळवंटी गुलाब या नावाने ते विकले जाते, प्रत्यक्षात गुलाबाशी त्याचे कोणतेही नाते नाही. कण्हेर, चाफा, सदाफुली आणि रुई ही त्याची खरी भावंडे. पान तोडल्यावर पाझरणारा चीक हे नाते लगेच सांगतो.

या झाडाविषयी विस्तार कार्यकर्त्यांपुढे प्रामुख्याने दोन तक्रारी येतात. पहिली, फुलांसकट आणलेले रोप पुढे कधी फुललेच नाही. दुसरी, श्रावणात बुंधा मऊ पडला आणि झाड आठवड्याभरात गेले. पहिल्या तक्रारीवर बहुधा खत सुचवले जाते आणि दुसरीवर बुरशीनाशक. दोन्ही उपाय उशिराचे आहेत. मूळ अडचण वेळापत्रकाची असते. झाडाला कोणत्या महिन्यात पाणी हवे, कोणत्या महिन्यात ते मुळीच नको आणि छाटणी केव्हा करावी, हे स्थानिक हवामानावरून ठरते. मुंबई किंवा बंगळुरूच्या बागप्रेमींचा सल्ला भिलाईत जसाच्या तसा लागू पडत नाही.

मूळ देश आणि भिलाईचे हवामान

अडेनियम ओबेसम ही सर्वाधिक लागवडीखालील जाती आफ्रिकेतील साहेल पट्ट्यापासून पूर्व आफ्रिकेपर्यंत आणि अरबस्तानच्या दक्षिण भागात नैसर्गिकरीत्या आढळते. प्रजातीचे नाव एडन या बंदरावरून पडले आहे. त्या प्रदेशात पाऊस थोडा आणि अनिश्चित, जमीन खडकाळ आणि ऊन तीव्र. मिळालेले पाणी बुंध्यात साठवायचे आणि कोरड्या महिन्यांत पाने टाकून स्वस्थ बसायचे, ही या झाडाची जगण्याची रीत आहे. रोपवाटिकाधारक ज्याला कॉडेक्स म्हणतात तो फुगीर बुंधा म्हणजे त्याची पाण्याची टाकीच होय.

भिलाई आणि नागपूर ही दोन्ही शहरे २१ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहेत. मे महिन्यात पारा ४४-४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढतो, डिसेंबर-जानेवारीच्या रात्री तो १०-१२ अंशांपर्यंत आणि क्वचित त्याहून खाली उतरतो. वर्षाचा हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस जवळजवळ सगळाच जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंतच्या साडेतीन महिन्यांत पडतो. त्यामुळे पुढील विवेचन गोंदिया, भंडारा, नागपूर, गडचिरोली येथील वाचकांनाही थोड्या फरकाने उपयोगी पडेल. या हवामानातील आठ महिने अडेनियमला मानवतात. उरलेले चार महिने त्याच्या स्वभावाविरुद्ध असतात. वाळवंटातील हे झाड भिलाईच्या उन्हाळ्याने सहसा मरत नाही, पावसाळ्याने मरते.

हिवाळी विश्रांती

नोव्हेंबरच्या अखेरीस रात्री थंड होऊ लागल्या की पाने पिवळी पडून गळू लागतात. हा रोग नव्हे. मात्र नेमक्या याच वेळी घरोघरी पाणी वाढवले जाते आणि पाने नसलेल्या, वाढ थांबलेल्या झाडाची मुळे गारठ्यात ओली राहतात. डिसेंबर आणि जानेवारीत पंधरा ते वीस दिवसांतून एकदा, दुपारच्या उन्हात, अगदी थोडे पाणी पुरते. बुंधा किंचित सैल वाटला तरी चिंतेचे कारण नाही. या काळात खत देऊ नये. कुंडी दक्षिणेकडील भिंतीलगत ठेवावी, कारण हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि उत्तरेच्या बाल्कनीत ऊन फिरकतही नाही. रात्रीचे तापमान १० अंशांखाली जाण्याची चिन्हे असतील तर कुंडी छपराखाली घ्यावी.

येथे एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. पुष्पप्रदर्शनांचा हंगाम थंडीचा असतो. भारत-सोव्हिएत मैत्रीचे प्रतीक म्हणून १९७२ मध्ये उभारलेल्या भिलाईच्या मैत्री बागेतही फुलांचे प्रदर्शन भरत आले आहे. डेलिया, शेवंती, पिटुनिया यांचा तो काळ, अडेनियमचा नव्हे. प्रदर्शनासाठी जानेवारीत फुले आणण्याच्या हट्टाने पाणी आणि खत यांचा मारा केल्यास झाडाची विश्रांती मोडते आणि पुढचा वसंतातील बहरही दुबळा येतो. जानेवारीत प्रदर्शनात मांडायचेच असेल तर निष्पर्ण झाडाचा बुंधा आणि त्याची घडण मांडावी, जाणकार तीच पाहतात.

फेब्रुवारीची छाटणी

अडेनियमची फुले नव्या फुटीच्या शेंड्यावर येतात. संपूर्ण विषयाची किल्ली या एका वाक्यात आहे. एका फांदीला एकच शेंडा असेल तर एकच गुच्छ मिळेल. तीच फांदी छाटल्यावर दोन-तीन फुटवे निघाले तर दोन-तीन गुच्छ मिळतील. न छाटलेली झाडे वर्षानुवर्षे उंच वाढत जातात आणि टोकाला चार फुले दाखवून थांबतात.

भिलाईत रात्रीचे तापमान १५-१६ अंशांवर स्थिरावले की, म्हणजे साधारण फेब्रुवारीच्या उत्तरार्धात, मुख्य छाटणी करावी. प्रत्येक फांदीचा एक तृतीयांश ते अर्धा भाग धारदार पात्याने तिरका कापावा. पाते स्पिरिटने पुसून घ्यावे आणि प्रत्येक झाडानंतर पुन्हा पुसावे. काप कोरडा होईपर्यंत, म्हणजे चार-पाच दिवस, झाडावर पाणी पडू देऊ नये. कापावर कॉपर ऑक्सिक्लोराइडची घट्ट पेस्ट लावणे चांगले. छाटणीपासून फुलांपर्यंत सहसा सहा ते दहा आठवडे लागतात. त्यामुळे फेब्रुवारीच्या छाटणीचा बहर एप्रिलमध्ये, तीव्र उन्हाळ्यापूर्वी मिळतो. हीच छाटणी मार्चअखेरपर्यंत लांबवली तर कळ्या नेमक्या मे महिन्याच्या झळांत सापडतात आणि उमलण्याआधी वाळून गळतात. फुले न येण्याच्या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारी मुळात चुकलेल्या तारखेच्या असतात.

छाटणी करताना हातमोजे घालावेत. या झाडाच्या चिकात हृदयाच्या गतीवर परिणाम करणारी विषारी द्रव्ये असतात. आफ्रिकेत काही ठिकाणी बाणाला लावण्याच्या विषासाठी तो वापरला जात असे. डोळ्यांना हात लावू नये, लहान मुलांना दूर ठेवावे. छाटलेल्या फांद्या रस्त्याच्या कडेला किंवा गोठ्याच्या बाजूला कधीही टाकू नयेत. शेळ्या आणि मोकाट गुरे हिरवा पाला दिसताच तोंड घालतात, याची आठवण शेतकऱ्याला वेगळी करून देण्याची गरज नसावी.

कुंडी आणि माध्यम

छत्तीसगडच्या शेतकऱ्याला आपल्या जमिनीचे चार प्रकार तोंडपाठ असतात : भाटा, मटासी, डोरसा आणि कन्हार. यांपैकी कन्हार, म्हणजे भारी काळी जमीन, धानाला उत्तम आणि अडेनियमला घातक. मटासी माती कुंडीत दोन-चार पाण्यांनंतर दाबून बसते. उपयोगाची ठरते ती भाट्याची मुरमाड, लाल, खडीयुक्त माती, जी शेतीसाठी हलकी म्हणून दुर्लक्षित राहते. ती चाळून बारीक पूड काढून टाकावी आणि वर उरलेले मुगाएवढे ते हरभऱ्याएवढे खडे वापरावेत.

असा मुरूम किंवा नदीची जाडी वाळू दोन भाग, विटेचे बारीक तुकडे एक भाग, पूर्ण कुजलेले कंपोस्ट किंवा पालापाचोळ्याचे खत एक भाग आणि मिळाल्यास अर्धा भाग कोळशाचे तुकडे, असे मिश्रण या भागात चांगले ठरते. प्रमाणाविषयी फार काटेकोर राहण्याचे कारण नाही. कसोटी एकच : भरलेल्या कुंडीत तांब्याभर पाणी ओतले की ते पृष्ठभागावर न साचता मिनिटाभरात खालून वाहू लागले पाहिजे. वाफसा लवकर येणे हे येथे सुपीकतेपेक्षा महत्त्वाचे आहे. रोपवाटिकेतून येणारी रोपे पुष्कळदा निव्वळ कोकोपीटमध्ये असतात. छपराखाली मोजून पाणी देणाऱ्या उत्पादकाला ते सोयीचे असते, उघड्या गच्चीवर पावसात ते स्पंजासारखे दिवसेंदिवस ओले राहते. म्हणून नवे रोप आणल्यावर त्याचा चालू बहर ओसरू द्यावा आणि मग, पावसाळ्यापूर्वी, कोकोपीट झटकून त्याचे माध्यम बदलावे.

पोलादनगरीत झोतभट्टीची मळी, म्हणजे स्लॅग, दाणेदार आणि निचऱ्याची दिसते म्हणून ती कुंडीत वापरण्याचा मोह होतो. ती चुनायुक्त असून अल्कधर्मी असते. अडेनियमला सामू ६ ते ७ च्या दरम्यान मानवतो. मळीची जागा सिमेंट कारखान्यात आहे, कुंडीत नव्हे. फ्लाय अॅशही टाळावी, तिचे सूक्ष्म कण वाळूच्या फटी बुजवतात.

कुंडी उथळ, पसरट आणि मातीची असावी. प्लास्टिकच्या काळ्या कुंडीत मे महिन्यात मुळे अक्षरशः शिजतात. मातीच्या कुंडीच्या भिंतीतून पाणी झिरपून बाष्पीभवन होते आणि मुळांभोवती गारवा राहतो. मुळांना थोडी अडचण झाली तरी चालेल. फार मोठ्या कुंडीत माध्यम उशिरा वाळते आणि झाड फुलण्याऐवजी मुळे वाढवत बसते. दर दोन वर्षांनी फेब्रुवारी-मार्चमध्ये कुंडी बदलताना बुंधा दोन-तीन सेंटिमीटर वर उचलून लावावा, म्हणजे फुगीर मुळे हळूहळू उघडी पडून झाडाला रूप येते. त्यानंतर आठवडाभर पाणी देऊ नये, तुटलेल्या मुळांच्या जखमा आधी भरू द्याव्यात.

ऊन आणि उन्हाळा

दिवसाला किमान सहा तास थेट ऊन मिळाले नाही तर बाकी सर्व उपाय व्यर्थ आहेत. भिलाईच्या टाउनशिपमध्ये जुन्या वृक्षांची सावली दाट आहे आणि माणसांसाठी ते वरदान आहे. क्वार्टरच्या अंगणात आंबा-कडुनिंबाखाली ठेवलेले अडेनियम मात्र लांबट, फिकट फांद्या काढते आणि फुलत नाही. अशा घरांत कुंडीची जागा गच्चीवरच.

एप्रिलच्या मध्यानंतर मात्र दुपारच्या उन्हाला आडोसा हवा. पश्चिमेकडील भिंत संध्याकाळी उशिरापर्यंत उष्णता परत फेकत राहते, तिच्यापासून कुंडी दूर न्यावी. २५ ते ३५ टक्के सावलीची शेडनेट पुरेशी होते, त्याहून गडद नको. कुंडी थेट तापलेल्या फरशीवर न ठेवता दोन विटांवर ठेवावी. या काळात पाण्याचा संकोच करू नये, ही बाब अनेकांच्या लक्षात येत नाही. वाळवंटी झाड म्हणून मे महिन्यात त्याला तहानलेले ठेवले जाते. निचरा चांगला असेल तर उन्हाळ्यात रोज सकाळी भरपूर पाणी द्यावे. अवकाळी वादळात गारांचा मार बुंध्याला बसला तर त्या जखमांतून पुढे कुज शिरते, म्हणून गारपिटीचा इशारा मिळताच कुंड्या आत घ्याव्यात.

उन्हाळ्यात पानांच्या मागे लाल कोळी आणि कोवळ्या शेंड्यांवर पिठ्या ढेकूण दिसतात. सुरुवातीला पाण्याचा जोरदार फवारा पुरतो, नंतर निंबोळी तेल पाच मिलि प्रतिलिटर पाण्यात साबणाच्या थोड्या द्रावणासह संध्याकाळी फवारावे, उन्हात नव्हे. कळ्यांवर पिवळा मावा येतो. कण्हेरीवरील हिरवी, डोळ्यासारखे निळे ठिपके असलेली मोठी अळी अडेनियमवरही आढळते आणि एका रात्रीत फांदी बोडकी करते. ती हाताने वेचणे हाच सर्वांत सोपा उपाय होय.

पावसाळा : खरी परीक्षा

जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत कुंड्यांसाठी छप्पर तयार असावे. पारदर्शक पत्रा किंवा अतिनील किरणांना टिकणारे प्लास्टिक वर असावे आणि चारही बाजू वाऱ्यासाठी मोकळ्या असाव्यात. पाऊस अडला पाहिजे, प्रकाश आणि हवा नव्हे. झाड घरात आणून अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवणे हा पाऊस टाळण्याचा चुकीचा मार्ग आहे, कारण ओलसर, निर्वात जागेत पानांवर ठिपके पडतात आणि फांद्या लांबतात. छप्पर शक्य नसेल तर निदान सलग पावसाच्या दिवसांत कुंडी आडवी करून ठेवावी. हा जुना, साधा उपाय आहे आणि तो लागू पडतो. कुंडीखालची ताटली या चार महिन्यांत काढून टाकावी.

पाणी केव्हा द्यावे, हे दिवस मोजून ठरवू नये. लाकडी काडी तीन-चार इंच खोल खुपसून काढावी. तिला ओली माती चिकटून आली तर पाणी नको.

बुंधा मऊ लागला की घबराट होते. त्याची दोन अगदी विरुद्ध कारणे असतात आणि चुकीचे निदान झाड घालवते. माध्यम कोरडे आणि बुंधा सर्व बाजूंनी सारखाच सैल, सुरकुतलेला असेल तर झाड तहानलेले आहे. पाणी दिल्यावर दोन-चार दिवसांत ते पुन्हा घट्ट होते. माध्यम ओले असताना बुंध्याचा एखादाच भाग, विशेषतः तळाकडचा, दाबल्यावर आत जात असेल, साल तपकिरी होऊन तिला आंबूस वास येत असेल, तर मूळकुज सुरू झाली आहे. येथे आणखी पाणी म्हणजे मृत्यूच.

कुज आढळताच झाड त्याच दिवशी उपटावे, मुळे धुवावीत आणि सडलेला भाग चाकूने कापत जावे. काप पूर्ण पांढरा, घट्ट आणि डागरहित दिसेपर्यंत थांबू नये. तपकिरी रेषा जरी उरली तरी कुज तिथूनच पुढे सरकते. कधी कधी अर्धा बुंधा जातो, तरीही झाड वाचते. उरलेला भाग कॉपर ऑक्सिक्लोराइडच्या तीन ग्रॅम प्रतिलिटर द्रावणात दहा-पंधरा मिनिटे बुडवून सावलीत, हवेशीर जागी आठ-दहा दिवस टांगून ठेवावा. भिलाईच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत काप वाळायला अधिक वेळ लागतो, अशा वेळी पंख्याखाली ठेवावे. काप खपलीसारखा कोरडा झाल्यावरच कोरड्या माध्यमात लावावे आणि पुढे आठवडाभर पाणी टाळावे. अडेनियमचा बुंधा स्वतःच्या साठ्यावर इतके दिवस सहज काढतो. उलट घाईने ओल्या मातीत लावलेले झाड पुन्हा कुजते आणि मग कापायला काही उरत नाही.

दुसरा बहर आणि खताचे स्थान

ऑगस्टच्या अखेरीस पावसाची उघडीप पाहून केवळ कोवळे शेंडे खुडावेत. जोरदार छाटणी या दमट काळात नको. ऑक्टोबरमध्ये आकाश स्वच्छ होते, दिवस उबदार आणि रात्री सुखद असतात. त्या महिन्यात येणारा बहर भिलाईत अनेकदा एप्रिलच्या बहरापेक्षा अधिक टिकतो, कारण उन्हाची होरपळ नसते.

खताचा क्रम या सर्वांनंतरचा. नवी पाने पूर्ण उघडल्यावर १९:१९:१९ हे विद्राव्य खत एक ग्रॅम प्रतिलिटर पाण्यातून पंधरा दिवसांनी द्यावे, शेंडे भरू लागले की ०:५२:३४ त्याच प्रमाणात दोन वेळा द्यावे. युरिया किंवा ताजे शेणखत देऊ नये. नत्राच्या अतिरेकाने पाने मोठी आणि फांद्या लांब होतात, फुले लांबणीवर पडतात. सावलीत ठेवलेल्या, न छाटलेल्या झाडाला बहरासाठी महागडे टॉनिक देणे म्हणजे पैशांचा अपव्यय आहे.

एक तक्रार वेगळी आहे : पहिल्या वर्षी भरगच्च, दुहेरी पाकळ्यांची फुले आली, नंतर साधी गुलाबी पाच पाकळ्यांची येऊ लागली. ही फसवणूक असेलच असे नाही. दुहेरी पाकळ्यांची रोपे बहुधा कलमी असतात. कलमाच्या जोडाखालून खुंटाचे फुटवे निघतात, ते जोमदार असल्याने वरच्या कलमाला मागे टाकतात. असे फुटवे दिसताच बोटाने मोडून टाकावेत.

रोपवाटिकेसाठी विचार

प्रगतिशील शेतकऱ्याला यात जोडधंद्याची संधी आहे, परंतु पावसापासून छप्पर असलेली जागा ही पहिली अट आहे. तेवढी गुंतवणूक शक्य नसेल तर मोगरा किंवा शेवंतीची रोपे बरी. दुसरी अट धीराची. बियांपासूनचे रोप पहिले फूल दाखवायला सहसा वर्ष-दीड वर्ष घेते, विक्रीयोग्य बुंधा त्यानंतर तयार होतो.

छाट कलमांनाही मुळे फुटतात, पण त्यांचा बुंधा बियांच्या रोपासारखा डौलदार फुगत नाही. म्हणून खुंटासाठी बियाणेच हवे. फुलातील परागकोश शंकूसारखे मिटलेले असल्याने आपल्याकडे शेंगा आपोआप क्वचितच धरतात. फुलाची नळी एका बाजूने उभी चिरून बारीक कुंचल्याने एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडाच्या फुलात परागकोशांच्या फटीतून तळाशी पोहोचवावे लागतात. हात बसायला काही दिवस जातात. यश आले की शिंगांसारखी जोडशेंग वाढू लागते. ती दोन-तीन महिन्यांत पिकून तडकते आणि बिया उडून जातात. रुईच्या बोंडाची येथे आठवण येते, फरक इतकाच की अडेनियमच्या बीला दोन्ही टोकांना म्हाताऱ्या असतात. यासाठी शेंग फुगताच तिला दोऱ्याने सैलसर बांधावे किंवा जाळीची पिशवी घालावी.

बी ताजेच पेरावे, काही महिन्यांत उगवणशक्ती झपाट्याने घटते. मार्च ते मे हा पेरणीचा योग्य काळ, उबदार माध्यमात पाच ते दहा दिवसांत उगवण होते. बियांची रोपे आईच्या रंगाची निघतीलच असे नाही, हे ग्राहकाला विक्रीपूर्वी सांगावे. हव्या त्या रंगासाठी वर्षभराच्या रोपावर पाचरीचे कलम एप्रिल-मे मध्ये करावे आणि जोडावर पारदर्शक पिशवी घालून दोन-तीन आठवडे सावलीत ठेवावे. पावसाळा सुरू होण्याआधी जोड पूर्ण सांधलेला असावा. जुलैत केलेली कलमे दमट हवेत काळी पडून हातची जातात.